गाळलेला सात

परतवाड्याच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली.
"हे बघ, इथं तुटलंय. अर्धंच."
मला दिसलं धुक्यातलं खोरं;
कडा कुठला, दोर कुठला, कळलं नाही.

चिरलं तर दीड महिना हात झोळीत,
सहा महिने दोराला शिवायचं नाही,
म्हणजे चैत्रातली मोहोळं गेली, वैशाखातलीही.
नाही चिरलं तर रबर ओढायचं, रोज, तीनदा.
"पण त्यानं कड्यावर लटकशीलच, असं लिहून देत नाही."
लिहून तर कड्यानंही कधी दिलं नव्हतं.

सायकलची जुनी ट्यूब मोहाच्या बुंध्याला बांधलीय.
कोपर बरगडीला चिकटवून ओढतो.
फुलकाय चुलीपासून मोजते,
भाकर उलटताना सात गाळते.
मी बोलत नाही.

मुंगीलाल कुंपणावरून म्हणतो, "काप ना एकडावचं!
खांदा सुजला तं बैल काय ट्यूब ओढते का?"
बैलाला कोण विचारतं, मुंग्या.

रात्री डाव्या कुशीवर वळता येत नाही.
उजवीवर पडून मनातल्या मनात कडा उतरतो:
कुठं एका हातानं भागेल, कुठं नाही.
चौथ्या मोहोळापाशी भागत नाही.
तिथं धूर डाव्या हातात असतो,
आणि आग्या माशा तर डॉक्टरच्याही नात्यातल्या नाहीत.

आज हात कानापर्यंत गेला.
आढ्याच्या खुंटीवर दोराचं वेटोळं आहे,
त्यातच खोचलीय अमरावतीची चिठ्ठी.
बोटं पोचली. दोराला की कागदाला, बघितलं नाही.

"आठ," फुलकाय म्हणाली.
मी आधी सात ओढला.