साडेसहा

लोवेल गेला त्याला तीन हिवाळे झाले.
त्याची बंदूक पुतण्याला दिली, वही मी ठेवून घेतली.
निळा पुठ्ठा, तेलाचे डाग, तिरकं अक्षर:
माद्या अकरा. दुधाच्या सात, कोरड्या चार.
नर दोन.
जाऊ दिले: नऊ.

हा शेवटचा रकाना त्याचा लाडका.
मारलेल्यांचं वजन पौंडात लिहायचा,
सोडलेल्यांचं वर्णन अख्ख्या ओळीत.

आम्ही विस्कॉन्सिनच्या या घड्यांच्या टेकड्यांत आलो
तेव्हा रान कमरेपर्यंत मोकळं होतं.
पाहुणे म्हणायचे, किती सुंदर, अगदी बागेसारखं.
लोवेल म्हणायचा, बाग कसली,
चाटूनपुसून ठेवलेलं ताट आहे हे.
पांढऱ्या शेपट्यांची पंगत रोज बसते
आणि उठायचं कुणी नाव घेत नाही.

मग त्याने झाडं अर्धीच कापली,
खोड न तोडता आडवी लवंडली,
म्हणजे पाला तोंडाशी येतो, आडोसाही होतो.
उतारावर क्लोव्हर पेरलं.
आणि ओकच्या एका रोपाभोवती
तारेचं कडं ठोकलं, माणूसभर उंच.
कशाला, मी विचारलं.
म्हणाला, आपण खोटं बोलायला लागलो तर
हे रोप खरं सांगेल.

मादी टिपताना पोटात हलतं.
एकाहत्तराव्या वर्षीही हलतं.
हलावं.
गेल्या शनिवारी दोन टिपल्या, दोन्ही कोरड्या,
मानेतल्या गाठी तपासणीच्या डबीत घातल्या,
जबडे उकळून, पुसून,
लोवेलच्या अंड्यांच्या खोक्यांत मांडले.
फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
मी सगळ्यांचेच मोजते.

काल संध्याकाळी रॉइस टोलॅकसन आला,
कुंपणापलीकडचा.
बावीस वर्षांत चार वेळा बोललो असू,
त्यातलं तीनदा कुत्र्यावरून.
हातात पावाची पिशवी, पिशवीत जबडा.
वय सांगता का म्हणाला, दारातच उभा.
टोपी काढली होती, म्हणजे कळलंच
नर मोठा आहे.

डाव्या कानाला खाच होती का?
होती, तुम्हाला कसं माहीत?

दिव्याखाली धरला.
पहिली दाढ झिजून सपाट,
दुसरीतली तपकिरी रेघ पांढऱ्या कडेपेक्षा रुंद.
खरं तर दात बघायची गरज नव्हती.
वहीत तो पाच वेळा होता,
पहिल्या दोन नोंदी लोवेलच्या:
"खाचवाला. दोन टोकं, उगाच रुबाब. जाऊ दिला."
"खाचवाला. मान भरतेय. जाऊ दिला."
पुढच्या तीन माझ्या,
माझ्यात रुबाब वगैरे नाही, नुसती तारीख.

साडेसहा, मी म्हटलं.
मला चारचा वाटला, रॉइस म्हणाला.
मग जरा वेळाने,
इतका जगला कसा?

रागवायचं मी ठरवलं होतं.
स्टोव्हवर कॉफी होती.
वही त्याच्याकडे फिरवली.
तो बोट ठेवून ठेवून वाचत गेला,
ओठ हलवत, चर्चमधल्या मुलासारखा,
आणि पाचव्या ओळीवर बोट तिथेच राहिलं.
म्हणाला, मी तर दिसेल ते...
वाक्य पुरं केलं नाही. मीही करून दिलं नाही.

सकाळी तो परत आला, हात रिकामे.
ते कडं दाखवता का?

बर्फ पातळ होतं, घोट्याएवढं.
कड्यातला ओक छातीला लागतो आता.
आणि बाहेर, तारेपासून दहा पावलांवर,
एक, दोन, मग मोजणं सोडलं,
गुडघ्याएवढी रोपं, काड्यांसारखी,
सुकलेली पानं अजून धरून.

रॉइस वाकला. हातमोजा काढून
शेंडा चाचपला.
खाल्लाय, म्हणाला.

खाऊ दे, मी म्हटलं.
यंदा पुरेल.