मागच्या खोलीतलं झीरो माइल

मे महिन्यात नागपुरात कोणी सर्व्हर लावतं का?
बाबांचा प्रश्न. उत्तर माझ्याकडे नव्हतं.
बुटीबोरीच्या कंपनीने भंगारात काढलेला डबा
अठराशेला उचलून आणला,
कुलरच्या तोंडासमोर स्टुलावर बसवला.
"म्हणजे हवा त्याले, अन् मी घाम पुसत राहू?"
बाबांनी खाट दोन हात सरकवली.
तेव्हापासून दोघं एकाच हवेत घोरतात.

हट्ट भाच्याचा, प्रणयचा.
दहावी झाली अन् चौघांची टोळी फुटली:
एक गोंदियाला, एक वणीला,
निखाडेंचा सुमेध पार कोट्याला, क्लाससाठी,
हा इथेच, मानेवाड्यात.
"मामा, आपलं सोताचं जग पाहिजे न."
जग काय, म्हटलं, बसवून देतो.

तीन रात्री लागल्या.
पहिल्या रात्री पॅनल उठलं,
पण गेम चालवणारा प्रोग्राम त्याला ओळखच देईना.
एकाच डब्यात, भिंतीला भिंत लागून,
वाटणीनंतरच्या भावांसारखे दोघं गप्प.
दुसऱ्या रात्री सापडलं: आतला बटणाएवढा सेल मेलेला,
डब्याला वाटत होतं, अजून दोन हजार बाराच चालू आहे.
बारा साली प्रणय चपला उलट्या घालायचा.
तिकडून आलेल्याला आज कोण दार उघडेल?
सेल पंधरा रुपयांचा.
तिसऱ्या रात्री पोर्ट उघडेना. केबलवाला धुर्वे म्हणाला,
"भाऊ, तुमचा पत्ता तुमचा नाहीच,
चाळीस घरांत एकच वाटून राहिलो."
वेगळ्या पत्त्याचे महिन्याला दोनशे. दिले.

मग चार खाती, अन् परवानग्यांच्या चौकटी:
सुरू करणे. थांबवणे. पुसून टाकणे.
पुसून टाकणे कोणालाच दिलं नाही.
माझंही काढायला गेलो,
पॅनल म्हणालं, मालकाचं काढता येत नाही.

जग जिथे उगवतं तिथे आकडे असतात शून्य, शून्य.
पोरांनी तिथे सगळ्यात आधी खांब उभारला,
पिवळसर दगडाचा, भोवती चार घोडे.
चौथ्याला तीनच पाय,
कोट्यात सकाळी सहाचा क्लास असतो.

रविवारी लाइट गेली, चार तास.
आली तेव्हा बॅकअपवरून सगळं परत आलं,
एक कोंबडी सोडून. तिच्यावरून अजून भांडण आहे.

काल रात्री पावणेतीन.
पॅनलवर हिरवा ठिपका, खेळाडू एक.
सुमेध.
खोदत नव्हता, बांधत नव्हता,
तीन पायांच्या घोड्यापाशी नुसता उभा.
पंधरा मिनिटं हालचाल नाही तर बाहेर,
हा नियम मीच लावलेला.
मीच काढला.
उठलो, कुलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं,
डब्याचा पंखा जरा हळू झाला.
"कोण आलं बे?" बाबा झोपेतच.
"कोणी नाही. निखाडेंचा पोरगा."
"जेवला का, विचार,"
म्हणाले, अन् कूस बदलली.