हाताचा गुण

सोहार. सकाळचे साडेसहा. बाहेर आताच छत्तीस अंश.
माझ्या हातात टॅब्लेट, त्यावर अकरा चौकोन,
प्रत्येकात एक ते नऊ.
समोर झुवैना, दुसऱ्या वर्षाची,
आणि चार नंबरच्या खाटेशी सात महिन्यांचा मुहन्नद,
रात्रभर धापून
बापाच्या खांद्यावर आत्ता कुठे झोपलेला.

त्याला खाली ठेवा, असं ती म्हणत नाही.
बापाच्या मागे जाऊन उभी राहते,
दिशदाशावर ओघळलेल्या लाळेशेजारी
आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या बघत
मोजते. पूर्ण मिनिट.
अर्ध्या मिनिटाला दोनाने गुणणारे
कालपासून चार पाहिलेत मी.

मग डोस चुकते.
दशांशचिन्ह एक घर सरकतं.
तिचं तिलाच कळतं, कान लाल होतात,
खोडते, नव्याने लिहिते, नर्सला मोठ्याने वाचून दाखवते.
मी लिहिते : पाच.
हात राखून गुण देते, अशी ख्याती आहे माझी इथे.

मिरजेला आमच्या वेळी चौकोन नव्हते.
सर केसपेपर फरशीवर टाकायचे, संपली परीक्षा.
पण गंगव्वा आया
बादली ठेवून, कंबरेवर हात देऊन बघायची
आणि म्हणायची,
ह्या पोरीच्या हाताला गुण हाय.
माझ्याबद्दल कधी म्हणाली नाही.

मुहन्नद जागा होतो.
मला बघून भोकाड पसरतो,
मग तिला बघतो.
रडणं थांबत नाही,
फक्त मूठ तिच्या ओळखपत्राकडे जाते.

टॅब्लेट विचारतो : आणखी काही शेरा?
इंग्रजीत शब्द शोधते.
पडदा काळा होतो.
बोटाने पुन्हा जागा करते.