शंभरात किती

दिंडोरीच्या वायनरीतून गोणीभर चोथा येतो,
सालं, बिया, देठांचा गचका,
सोबत चिलटांचं वऱ्हाड.
हिरामण गांगुर्डे तो गच्चीवर सावलीला पसरतो,
बोटं जांभळी करून घेतो,
मग हात धुतो, बाही वर सारतो:
घ्या ताई, किती मिली?

सतरा वर्षं बागांत फवारणी केली त्यानं,
पाठीवर पंप, तोंडाला गमछा.
आता फार्मसी कॉलेजात शिपाई.
त्याचं रक्त आमच्या यंत्रात गरगरतं
आणि थर लावून शांत बसतं.
तळाशी लाल, वर पिवळट,
मधे एक पुसट पांढरी कडी,
साय म्हणावी एवढीही नाही.
ती श्वास रोखून उचलायची.
शरीराची राखण करणारे ते हेच.

मग त्यांच्यावर पेरॉक्साइड सोडायचं,
जखमेवर फेसाळतं तेच.
काहींना आधी सालीचा अर्क पाजलेला,
काहींना काहीच नाही.
रात्रभर सदतीस अंशांत ठेवून
मी गंगापूर रोडच्या खोलीवर जाते
आणि झोपत नाही.

सकाळी निळा रंग.
जिवंत पेशी त्याला दारातच उभा करते.
मेलेली आत घेते,
ती आता कुणालाच नाही म्हणत नाही.
काचेवरच्या चौकटींत मी मोजत जाते,
अंगठ्याखाली काउंटर टकटकतो.

अर्क घेतलेल्या: शंभरात एकोणऐंशी उजळ.
न घेतलेल्या: एकतीस.
दुप्पट अर्क दिलेल्या: चव्वेचाळीस.
या शेवटच्या आकड्याभोवती क्षीरसागर मॅडमनी
पेन्सिलीनं गोल काढला.
म्हणाल्या, हाही लपवायचा नाही.

दुपारी हिरामण दारातून विचारतो,
माझे किती गेले?
मी चांगला आकडा सांगते.
आणि बाकीचे?
बाकीचे, म्हणजे, ते मरायलाच ठेवले होते,
नाहीतर अर्कानं काय केलं ते कळणार कसं.
मला वाटलं, रागावेल.

तो फडक्यानं टेबल पुसत राहिला.
बागेत आम्हीपण एक ओळ सोडायचो,
बिनफवाऱ्याची.
भुरी किती आलीय ते तिथंच कळायचं.

मग त्या ओळीचे घड?
व्यापारी घेत नसे. आम्हीच खायचो.
साल जाड, तोंडात तुरट,
पण पोरं तेच मागायची.

तो गेल्यावर मी वही उघडली.
पुढची गोणी: सोडलेली ओळ,
असं लिहिलं,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.