बशीएवढं भोक

तेउवो खाणीवर निघताना
फ्रीजच्या दारावर कागद चिकटवून गेला.
सुतारी पेन्सिलीत सहा ओळी,
शेवटची दोनदा अधोरेखित:
बर्फावर हातोडा घालू नकोस,
खाली त्यांच्या कानात तोफ फुटते.

माशांना कान असतात
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

तळं परसात, भट्टीच्या खोलीमागे,
छातीइतकं खोल. दोन उन्हाळे खपून
त्यानं एकट्यानं खणलं.
मी तेव्हाच म्हटलं होतं, बटाटे लाव.
आता त्यात अकरा कोई, पैकी एक
गंजक्या पत्र्याच्या रंगाचा, तोंड सदा वाकडं.
त्याला तो आमच्या पाद्रीबुवांच्या नावानं हाक मारतो,
बुवांसमोरसुद्धा.

ऑक्टोबरपासून त्यांचं खाणं बंद.
तळाशी पडून असतात,
कल्ला हलला की नाही असा हलतो.
चार अंशांचं पाणी सगळ्यांत जड,
म्हणून ऊब खाली बसते नि गारठा वर तरंगतो.
हे कागदावर नाही.
हे तो मला लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सांगत होता,
मी मोज्याची टाच विणत होते,
हूं म्हणत होते.

टपाल टाकणारा पोरगा विचारतो,
अख्खं तळं तापवता? बिल किती येतं?
तळं कोण तापवणार, बाबा.
थंडर बेचा जानेवारी तापवायला
सूर्यालाही परवडत नाही.
हीटर म्हणजे एक काळी तरंगती थाळी,
तिचं काम एवढंच,
बशीएवढं भोक मिटू द्यायचं नाही.
खाली कुजणाऱ्या पानांची वाफ
तेवढ्यातून निघून जाते.
बाकीचा बर्फ बर्फच राहतो.

मंगळवारी रात्री वीज गेली.
उणे चौतीस.
थाळीचा लाल दिवा विझला
आणि मी खिडकीशी उभी राहून
मनात पहिलं काय म्हटलं, तर,
जाऊ दे, मासेच आहेत.

मग बूट घातले.

सौनाची भट्टी लाकडावर चालते, तिला वीज लागत नाही.
माझ्या आईनं सात पोरं तिच्या उबेत जन्माला घातली,
भट्टी पेटवायला मला कुणाचा कागद लागत नाही.
बर्चच्या ढलप्या, वर पत्र्याची केटल.
उकळलं की परसात. पाणी ओतायचं नाही,
केटल नुसती बर्फाच्या सायीवर टेकवायची
आणि धरून उभं राहायचं.
बूड हळूहळू रुततं,
भोवती काळं कडं उमटतं,
एक बुडबुडा, मग दुसरा.
परत आत. परत बाहेर.
पापण्या एकमेकींना चिकटायच्या,
हातमोज्यानं सोडवायच्या.

अकरा वाजता. बारा. एक.
दोनच्या खेपेला मी पाद्रीबुवांना म्हटलं,
तुमच्यासाठी कोण इतकं करेल हो?
तीनला म्हटलं, बटाट्यांना हे लागलं नसतं.
चारला काहीच म्हटलं नाही,
गुडघे टेकले, टॉर्च आत धरला.
हिरवट अंधार.
खूप वेळ काही नाही.
मग तळाशी गंजक्या रंगाची एक शेपटी
एवढीशी सरकली,
झोपेत कुणी पांघरूण ओढावं तशी.

सकाळी सातला वीज आली. थाळीचा दिवा लागला.
मी केटल उपडी घालून झोपले ती दुपारपर्यंत.

रविवारी त्याचा फोन.
खाणीवर एकच यंत्र, मागे रांग.
मासे?
आहेत.
भोक?
उघडं आहे.

वीज गेल्याचं मी सांगितलं नाही.
पण मला म्हणाला, आवाज बसलाय तुझा.
म्हटलं, थंडी आहे.
मग तो गप्प, मी गप्प.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.
त्यानं फोन ठेवला नाही.
मीही नाही.