रुमालाखाली

व्यापाऱ्याचं नाव ओर्व्हान.
त्याच्यापाशी एकशे बारा वाक्यं आहेत
आणि हात हलवायच्या तऱ्हा सहा.
सातव्या वाक्याला पहिला हात परत येतो,
तोच, तेवढाच, कोपरापासून,
साड्यांच्या दुकानाबाहेर
विजेवर नमस्कार करणाऱ्या बाहुलीसारखा.

"बायको गेली माझी, त्या पुरात"
असं म्हणताना तो खांदे उडवतो.

पूर पाहिलेल्या गावात बसून
तीन आठवडे मी त्याचे खांदे खाली आणतेय.
एक अंश. अर्धा अंश.
पुराचं नाव निघालं की इथं माणसं
भिंतीकडं बघतात, पाणी कुठवर होतं तिकडं,
हे कुठल्या चौकटीत बसवू?

रात्री साडेअकराला परदेशातून सूचना येते :
मान कमी डोलव,
खेळणाऱ्याला हो की नाही कळत नाही.
मी म्हणते, ओर्व्हानलाच कुठं कळलंय अजून.
माइक बंद करून म्हणते.

आप्पांनी अडतीस वर्षं यार्डात हळदीची अडत केली.
अडत बंद होऊन सहा वर्षं झाली
तरी नखांच्या कडा पिवळ्याच.
त्यांना म्हटलं, आप्पा, गिऱ्हाईक आलंय समजा,
आणि मोबाईल तिवईवर लावला.
आप्पांनी गळ्याचं बटण लावलं,
हात विजारीच्या शिवणीला चिकटवले
आणि शाळेत धडा वाचावा तसं म्हणाले,
"या. बसा. काय हवे आहे आपणांस?"
अठ्ठावन्न सेकंद. एकही कामाचा नाही.

मोबाईल खिशात गेला तसे आप्पा परत आले.
पडद्यावर ओर्व्हान बोलत होता.
"ह्यो भाव सांगतोय का यष्टी थांबवतोय?
गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून भाव सांगतंय व्हय कोण?
पोत्याकडं बघायचं.
नाही म्हणायचं असलं तर
आधी चष्मा पुसायचा.
आणि वजन एका पायावर ठेव त्याचं,
दोन्ही पायांवर पोलीस उभा राहतो."

मी लिहून घेत होते.
"आणि लिहितीस काय?
खरं बोलणं दिसतच न्हाई."

खांद्यावरचा टॉवेल त्यांनी
माझ्या हातावर टाकला, आत हात घातला.
लहानपणी शिकवलं होतं, यार्डात, पोत्यावर बसवून :
एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा,
तोंडानं मात्र पाऊसपाण्याचं बोलत राहायचं.
माझी दोन बोटं त्यांनी धरली, सोडली,
पुन्हा धरली. विचारल्यासारखी.
पगार.
पाच वर्षांत कधी विचारला नव्हता.
मी त्यांचा पंजा धरला, मग वर एक बोट.
"उकडतंय आज," आप्पा म्हणाले.
"मिरजेला पडला म्हणं थोडा."
चेहऱ्यावर काही नाही. कॅमेरा असता
तर कॅमेऱ्यालाही काही नाही.

मग त्यांनी माझी करंगळी धरली.
करंगळीचा भाव मला शिकवलेला नाही.
पुण्याचं मी घरात अजून बोलले नव्हते.
"उकडतंय," मी म्हटलं.
त्यांनी धरूनच ठेवली,
खाली रस्त्यावरून भडंगवाल्याची गाडी
पार कोपऱ्यापर्यंत जाईतोवर.

आता ओर्व्हानच्या हातावर एक फडकं आहे.
फडक्याच्या घड्यांना चार दिवस गेले.
बायकोचं वाक्य आलं की तो पोत्याकडं बघतो
आणि पाय बदलतो, एवढंच.

काल सूचना आली :
कापडाखाली दहा बोटं कशाला हलतायत?
दिसत नाहीत. काढून टाक, मेमरी वाचेल.

काढली, असं कळवलंय.

खेळणारा बहुतेक तिसऱ्याच शब्दाला
बटण दाबून पुढं निघून जाईल.
दुकानात ओर्व्हान उभा, एका पायावर,
हवेबद्दल काहीबाही बोलत,
आणि खाली कुणाची तरी करंगळी.