हँडल धरायला कुणीतरी

टोल्मिनच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"डबल स्टँड घ्या, बाई. पाच किलो लोखंड वाढेल,
पण गाडी कुठेही उभी राहील, कुणाला हाक मारायला नको."
मग जरा थांबून, प्रामाणिकपणे,
"डावीकडे फार कललात तर घासेल मात्र."

मी अठ्ठावन्न वर्षांची, चीजच्या कारखान्यात कामाला.
व्रशिचच्या घाटात आता
गाडीपेक्षा मीच कमी कलते.

घरी घोडी आहे, लाल, रंग उडालेली.
मागच्या चाकाखाली सरकवायची, दांडा दाबायचा,
चाक चार बोटं वर.
ती गाडीबरोबर कुठेच जात नाही,
वळणावर घासत नाही, चढावर जड होत नाही,
आठवडाभर भिंतीला टेकून गप्प.
अट एकच:
तिला लावताना गाडी सरळ धरायला
दुसरं माणूस लागतं.

सहा वर्षं स्टाने धरायचा.
एका हातात हँडल, दुसऱ्यात सिगरेट,
तोंडाने "झालं का? झालं का?"
मग तो ग्राझला गेला, आधी कामासाठी,
नंतर कामाशिवाय.
त्या शनिवारी मी चेनला तेल घातलं नाही.
पुढच्याही.
शेवटी कुंपणापलीकडून ल्युबो म्हणाला,
"नेझा, तुझी गाडी दात खातेय."

ल्युबो पूल तपासायचा, सरकारी नोकरीत, एकतीस वर्षं.
उजवा कान गेलेला.
दोन्ही हातांनी हँडल धरून असा उभा राहायचा
की खालून सोचा नदीच वाहतेय.
घोडी लागली की दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसून
कुठल्या गावात कुठला रिव्हेट गंजलेला
ते सांगायचा.
मी चाक फिरवायची, कडीमागून कडी,
तेलाचा एक थेंब, एक रिव्हेट,
अकरा वाजायचे.

मार्चमध्ये त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं,
आणि तो मारिबोरला बहिणीकडे राहिला.
मी तीन शनिवार वाट पाहिली.
चौथ्या शनिवारी टोल्मिनला गेले.

"हातांनी उचलू नका," पोरगा म्हणाला,
"स्टँडवर पाय ठेवा आणि नुसत्या उभ्या राहा.
तुमचं वजनच उचलेल तिला."
घरी येऊन तसं केलं.
खट्.
दोनशे किलो, आणि मी एकटी!
रिकाम्या गॅरेजात मोठ्यांदा हसले,
आणि सवयीने क्रेटकडे पाहिलं.

मे महिन्यात ल्युबो परतला, काठी घेऊन.
शनिवार, दहा वाजलेले. गाडी आधीच उभी,
चेनला अर्धं तेल घालून झालेलं.
दारात थांबला. वाकता येईल तितका वाकला,
खालचे बोल्ट पाहिले, एकेक, पुलाखालून पाहावेत तसे.
"नीट बसवलेत," म्हणाला.
मला वाटलं, आता जाईल.
मी चिंधीला हात पुसत राहिले, पुसून झालेले.

त्याने काठी भिंतीला टेकवली, घोडीशेजारी,
पाय थोडे फाकवले, नवा खुबा जपत,
आणि दोन्ही हात हँडलवर ठेवले.

गाडी हलत नव्हती. हलणारही नव्हती.

मी त्याच्या डाव्या कानाशी गेले
आणि म्हटलं,
"घट्ट धर."